हाळीविरुद्ध तीन मते

मौलिकता ही समाजाची मोठी ठेव आहे, म्हणून ती जपून ठेवावी, वापरून झिजवू नये, यावर जाणत्या लोकांचे एकमत आहे. जिंतूरच्या ‘वज्रनाद’ या पॉवर मेटल बँडने हे तत्त्व आपल्या दुसऱ्याच अल्बममध्ये अमलात आणले, ही जिल्ह्याला भूषणावह गोष्ट होय.

(माहीत नसलेल्यांसाठी: पॉवर मेटलमध्ये गिटार पळते, ड्रम तिच्या मागे लागतात आणि गायक दोघांच्या वरून किंचाळतो. विषय शौर्याचा लागतो.)

गायक योगीराज किंचाळण्यात अव्वल होता. ही विद्या तो कुठल्या क्लासात शिकला नव्हता. ज्वारी हुरड्यात आली की त्याची आई झुंबरबाई मचाणावर उभी राहून पाखरांना हाळी घालायची. ती हाळी तीन शिवारं ओलांडून जायची. मचाणाखाली खेळता खेळता पोराने ती उचलली आणि पहिल्या अल्बममध्ये जशीच्या तशी गिटारवर चढवली. शत्रू पाखरं, शस्त्र गोफण, किल्ला मचाण. असे गाणे जगात दुसरे नव्हते. नेमका हाच त्यात दोष निघाला.

नवा अल्बम जागतिक दर्जाचा व्हावा म्हणून सुधारणा समिती नेमण्यात आली. अध्यक्ष दिनकरराव, कारण सराव त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये चाले आणि चहाही तेच पाजत. समितीने सतरा परदेशी अल्बम ऐकून तक्ता केला. तलवार: सतरा. ड्रॅगन: सोळा. बर्फ: चौदा. ज्वारी: निरंक.

“एवढ्या देशांत कुणालाच ज्वारी सुचली न्हाई,” दिनकरराव चष्मा पुसत म्हणाले, “मंग आपलंच कायतरी चुकायलंय.”

तर्क मंजूर झाला. ड्रमर बन्सीधरने तर बर्फाचा अनुभव यावा म्हणून आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये अकरा मिनिटे हात घालून ठेवला. (सराव दोन दिवस बंद.)

गिटार वाजवणारी बबिता मात्र अडून बसली. “हाळी काढली तर ऱ्हातंय काय? ड्रॅगन काय जिंतूरच्या बसस्टँडवर उतरलेला बघितला का तुमी?”

“बबिताताई, तुमची भावना नोंदवून घेतली,” दिनकरराव म्हणाले. आणि खरोखरच नोंदवली.

मग हाळीवर रीतसर मतदान झाले. ठेवावी: बबिता आणि हात फडक्यात गुंडाळलेला बन्सीधर. काढावी: दिनकरराव आणि बेसवाला आश्रुबा. उरला योगीराज. त्याच्या मोबाईलवर आदल्याच दिवशी फिनलंडच्या कुणीतरी लिहिले होते, ‘आवाज उत्तम. मधेच कोण ओरडते?’ योगीराजने काढण्याच्या बाजूने हात वर केला. इतिवृत्तात त्यापुढे ‘गायकाने पाणी घेतले’ अशी नोंद आहे.

प्रकाशन मंगल कार्यालयात झाले. आधी अकरा सत्कार, मग गाणी: एक बर्फावर, दोन तलवारीवर, एक ड्रॅगनवर आणि एक बर्फात बसलेल्या ड्रॅगनवर. झुंबरबाई नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत होती. प्रत्येक गाण्याला तिने मनापासून टाळ्या वाजवल्या. योगीराज घाम पुसत खाली आला तेव्हा ती म्हणाली,

“लय झकास वाजवलं बाबा ह्या पोरांनी. आता तुजं कवा हाय?”

“माय, हे माजंच व्हतं.”

“असं व्हय,” झुंबरबाई म्हणाली आणि तिने आणखी एकदा टाळ्या वाजवल्या.

हाळी काढल्याची बातमी फुटली आणि जिल्हा हळहळला. ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असे पूर्णेपासून पाथरीपर्यंत एक हजार तीनशे चाळीस जणांनी लेखी कळवले. योगीराज हादरला. हाळी परत घ्यायचीच म्हणून त्याने पहिला अल्बम किती ऐकला गेला ते काढले. बासष्ट वेळा ऐकला गेला होता, पैकी चाळीस वेळा त्याने स्वतः. समितीने हाळीचा विषय कायमचा बंद केला.

हळहळणाऱ्यांची नोंदवही मात्र उघडी आहे. योगीराजचा हात वर गेला तेव्हा चुटपुट तुम्हालाही लागली असेल, म्हणून एक हजार तीनशे एक्केचाळिसावी ओळ तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे. सही करा. गाणे ऐकलेले असण्याची अट नाही.