देवाच्या फेरविचाराचे दाखले

नाना प्रधान भेटले की नमस्कार करत नसत, दाखला मागत. "देवाने एकदा ठरवलेलं नंतर बदललं, असं तुमच्या वाचनात कुठे आहे का?" आमच्या दूधवाल्यालासुद्धा हा प्रश्न विचारून झाला होता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आमच्या इमारतीत नाना समोरच्या दारात राहत. सारी नोकरी कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेलेली, त्यामुळे दाखल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली काही उतरत नसे. एक जाडजूड वही होती. डाव्या पानावर कथा, उजव्या पानावर निकाल. सावित्रीला त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. "यम वर देऊन अडकला. अडकणं वेगळं, मन बदलणं वेगळं. नामंजूर." मार्कंडेयाचीही तीच गत. यमाचा हुकूम शंकराने फिरवला, म्हणजे तो वरच्या कोर्टाचा निकाल. शस्त्र धरणार नाही म्हणालेला कृष्ण भीष्मावर चाक घेऊन धावला, तो मात्र मंजूर. त्या दिवशी नानांनी मला बोलावून चहा पाजला. असं सहसा होत नसे.

आपल्या देवांवर भागेना, तेव्हा ते दवाखान्यातल्या सिस्टर फिलोमिनांकडे गेले. त्यांनी सांगितलं की चाळीस दिवसांत नगर नष्ट करतो म्हणालेल्या देवाने, लोकांना पश्चात्ताप झाल्यावर ते राखलं. नानांनी दोनदा खात्री करून घेतली की देव हे चारचौघांत जाहीर करून बसला होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हसनभाईंनी अल्लाने आधी फर्मावलेल्या रोजच्या पन्नास नमाजांचे पाच कसे झाले ते सांगितलं, आणि वर बजावलं, "पण नाना, याला मन बदलणं म्हणू नका, रहमत म्हणा." नानांनी तसंच लिहून घेतलं.

ही उठाठेव कशासाठी, हे आमच्या सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. आईविना वाढवलेल्या एकुलत्या एक सुधाने उरणच्या कोळ्याच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा नानांनी देव्हाऱ्यातल्या देवावर हात ठेवून शपथ घेतली होती की तिच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. त्याला सहा वर्षं झाली होती. आता शपथ मोडायची तर देवाच्याच घरचा दाखला हवा होता.

सुधाला मुलगी झाली आणि बारशाचं कार्ड आलं. नाना मला घेऊन नेऱ्याकडच्या एका देवळात कौल लावायला गेले. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर शपथेतून मोकळीक. उजवी पडली. नानांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदाही उजवीच. नाना चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा गुरवाने कळ्यांची वाटी बाजूला ठेवली.

"नाना, देवानं तुमाला कवाच सोडलाय. तुमीच सोडत नाय."

परतीच्या एस्टीत नाना तिकिटाची घडी घालत आणि उलगडत बसले. गुरवाच्या बोलण्यावर मला आधी हसू आलं होतं, मग त्याची लाज वाटली.

बारशाच्या दिवशी सकाळी दार वाजलं. नाना इस्त्रीचा कोट घालून उभे. हातात पिशवी, पिशवीतून लाल कुंचीची गोंड्याची दोरी लोंबत होती. मला वाटलं, निघाले एकदाचे. पण ते हलेनात.

"एकूण सव्वीस दाखले मिळाले," ते म्हणाले. "पण सगळे देवांचे. देव परत आला तर त्याला कोण नको म्हणतं? माझ्यासारख्या बापाचा एकही मिळाला नाही."

मी म्हटलं, सुधाने स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलंय ना?

"लिहिलंय. पण सहा वर्षांनी मला दारात बघून तिचं मन बदललं तर? तुम्ही बरोबर चला. मला एकट्याला भीती वाटते."

मी तसाच चपला शोधायला वळलो.