हे टेबल त्या दारातून जाईल का?

“विचारा! काय वाट्टेल ते विचारा!” असं म्हणून मोजपट्टीने आरशासमोर मान ताठ केली. मुलाखतीला निघायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर नोकरी लागली होती!

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यापासून ती पिशवीत स्टीलची पट्टी घेऊन हिंडायची आणि दिसेल ते मोजायची. पाहुणे म्हणाले, “आम्ही इथंच, चार पावलांवर राहतो,” की ही विचारायची, “कोणाची पावलं?” पाहुणे पुन्हा यायचे नाहीत.

आधीच्या मुलाखतींत तिचा घात केला होता तो विचित्र प्रश्नांनी. एका ठिकाणी विचारलं, “तुम्ही फळ असता, तर कोणतं असता?” तिने विचारलं, “पिकलेलं की कच्चं?” दुसऱ्या ठिकाणी विचारलं, “शहरात न्हावी किती असतील?” ती म्हणाली, “टक्कल पडलेल्यांचं प्रमाण सांगता का?” समोरच्या साहेबांनी टोपी सारखी केली आणि “कळवतो” म्हणाले. ते अजून कळवतायत!

इकडे काका चपलांच्या दुकानात तिच्यासाठी स्टूल पुसून तयार होते. “मोजायचीच हौस आहे ना? मग लोकांचे पाय मोज की!” असं म्हणत त्यांनी तिला दुकानातल्या सँडल भेटही दिल्या होत्या. टाचा अशा, की चालताना वाटावं दारावर कोणीतरी पोलिसी थाप मारतंय. ही मुलाखतही गेली, तर सोमवारपासून स्टूल. तसं ठरलंच होतं.

पण बाबा हार मानणारे नव्हते. बसआगारात त्यांनी हयात काढली होती आणि निवृत्तीनंतर शिट्टी घरी आणली होती. त्यांनी घराचं परीक्षाकेंद्र करून टाकलं. नियम एकच. प्रश्न कुठूनही येईल, शिट्टी संपायच्या आत उत्तर सुरू झालं पाहिजे, आणि सुरुवात “गृहीत धरू” अशीच हवी! मोजपट्टी दात घासत असली, की बाबा दारामागून ओरडत, “ढगाचं वजन किती? फुर्रर्र!” ती फेस उडवत सांगायची, “गृहीत धरू, की ढग मध्यम आहे!”

आईही मागे नव्हती. भांडी विसळता विसळता तिने विचारलं, “चमच्याने तळं उपसायला किती दिवस लागतील?”

“गृहीत धरू, की पाऊस पडत नाही...”

“आणि नंतर तो चमचा कोण धुणार?”

“तू!”

“हे बरं गृहीत धरलंस!” आई म्हणाली आणि चमचा तिच्या हातात दिला.

तर अशी ही तालीम झालेली पैलवान वजनकाट्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात पोचली. जागा होती काटे तपासणाऱ्याची. खरा किलो आणि काट्याचा किलो यांत केसाएवढा फरक असला, तरी तो पकडायचा! मोजपट्टीला वाटलं, हे काम आपण जन्मलो तेव्हाच कोणीतरी आपल्यासाठी राखून ठेवलं असणार. बाबांना तर खात्रीच होती. त्यांनी सकाळीच अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं होतं, “लागलीच समजा!”

बाहेरच्या खोलीत एक अवजड लाकडी टेबल, भिंतीला टेकलेलं फायलींचं कपाट आणि मोजपट्टी. आतल्या केबिनमधून बोलण्याचे आवाज येत होते. इतक्यात जिन्यावरून एक आडदांड गृहस्थ आत आला, कमरेवर हात ठेवून टेबलाकडे बघत राहिला आणि एकदम तिच्याकडे वळून म्हणाला, “काय हो ताई, हे टेबल त्या दारातून जाईल का?”

मोजपट्टीच्या कानात शिट्टी वाजली. फुर्रर्र! आला! विचित्र प्रश्न आला! आणि तोही वेळेच्या आधी!

“गृहीत धरू, की टेबलाचे पाय निघत नाहीत,” ती ताडकन उठली. पट्टी बाहेर आली. टेबल मोजलं, चौकट मोजली, मनात तिरप्या रेषेचा हिशेब केला आणि निकाल दिला, “जाईल! आडवं करायचं, आधी दोन पाय बाहेर काढायचे, मग वळवायचं. जागा पुरून उरेल!”

“वा! मग धरा त्या बाजूने.”

प्रात्यक्षिकही आहे! मोजपट्टीचा ऊर भरून आला. किती आधुनिक कंपनी! तिने बाह्या सावरल्या. तो बाहेरून ओढू लागला, ती आतून ढकलू लागली. दोन पाय गेले, टेबल वळलं आणि मग कच्चकन आवाज होऊन असं बसलं, की जणू चौकट सुताराने त्याच्याभोवतीच बांधली होती!

“ताई, ढकला!”

“ढकलतेय! तुम्ही ओढा!”

“ओढतोय की! पुरून उरणार होती ना जागा?”

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. साधा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ घाईघाईने आले आणि टेबल बघून थिजले. “अहो! आता मी बाहेर कसा जाऊ?”

दुसरा प्रश्न! मोजपट्टीचे डोळे लकाकले. “छान प्रश्न आहे! गृहीत धरू, की तुम्ही घन पदार्थ आहात...”

“मी माणूस आहे!”

“तेच म्हणते मी. प्रवाही असता, तर खालच्या फटीतून गेला असता.”

“मुली, बाथरूम बाहेर आहे, जिन्याशेजारी. आणि मला जायचंय!”

“अच्छा, म्हणजे वेळेची मर्यादाही घातलीत!” मोजपट्टी कौतुकाने म्हणाली. “प्रश्न टप्प्याटप्प्याने अवघड करताय. निकड किती धरू? कमी, मध्यम, की...”

“महापूर!” गृहस्थ किंचाळले.

आवाज ऐकून केबिनमधून मॅनेजरबाई धावत आल्या. “काय झालं, मालक?”

मालक! मोजपट्टीने पट्टी छातीशी धरली. “पण मग हे बाहेरचे परीक्षक...”

“कोण परीक्षक?” टेबलामागून आवाज आला. “अहो ताई, मी जुनं फर्निचर उचलायला आलोय! खाली टेम्पो उभा आहे!”

मोजपट्टीने पट्टी खाली घेतली. डोळ्यांसमोर स्टूल आलं. पुसलेलं, चकचकीत स्टूल! त्यावर ती, आणि समोर गावभरचे पाय! पण रडायलाही वेळ नव्हता, कारण मालक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. तिने पुन्हा चौकटीकडे पाहिलं. माप तर बरोबर होतं! मग अडलं कुठे? आणि तिला दिसलं. दार आत उघडत होतं, मागच्या कपाटाला टेकून पुरतं उघडत नव्हतं आणि त्याची पितळी मूठ टेबलाच्या पोटात रुतून बसली होती.

“टेबल जरा मागे घ्या! दारच काढते!” तिने पट्टीची कड बिजागरीच्या खिळीखाली घातली, पायातली सँडल काढली आणि टाचेने ठोकायला सुरुवात केली. ठाक! ठाक! काकांच्या दुकानाबद्दल तिला पहिल्यांदाच आदर वाटला. खिळी निघाल्या. तिने आणि मॅनेजरबाईंनी दार उचलून बाजूला ठेवलं. टेबल लोण्यासारखं बाहेर सरकलं आणि त्याच्या मागोमाग मालक असे सुटले, की फर्निचरवाला भिंतीला चिकटला!

थोड्या वेळाने मालक परतले ते तीर्थाला जाऊन आल्यासारखे शांत होते. मोजपट्टीला केबिनमध्ये बोलावलं. तिच्या एका पायात सँडल, दुसरी हातात. मालक मायेने म्हणाले, “हं, स्वतःबद्दल थोडं सांगा.”

मोजपट्टी सावरून बसली. ढगाचं वजन ठाऊक होतं. तळ्यातले चमचे ठाऊक होते. पण स्वतःबद्दल? हा प्रश्न बाबांनी घेतलाच नव्हता!

“गृहीत धरू...” ती म्हणाली आणि हातातली सँडल उलटसुलट करू लागली. मॅनेजरबाईंनी पाणी पुढे केलं. पाणी आलं, म्हणजे पाठोपाठ “कळवतो” येणार! 

“बरं, ते राहू दे,” मालक म्हणाले. “टेबल का अडकलं, एवढं सांगा.”

“टेबल मोजलं, चौकट मोजली, पण दाराची मूठ मोजली नाही,” ती पुटपुटली. “पट्टीचं काही चुकलं नाही. चुकलं माझं.”

मालकांनी मॅनेजरबाईंकडे पाहिलं. “आधीचा तपासनीस आठवतो? प्रत्येक वेळी काट्याला दोष द्यायचा. शेवटी काटे हिरमुसून बंद पडायला लागले!” मग मोजपट्टीकडे वळून म्हणाले, “सोमवारी या. आणि येताना दोन्ही सँडल पायात असू द्या. ते टेबलही घरी न्या. भंगारातच चाललं होतं. कामाच्या माणसाला टेबल हवं.”

घरी ती टेम्पोतून गेली, टेबलाशेजारी, मान ताठ! इमारतीपुढे काका पाय मोजायच्या टेपसकट उभे होते, पण टेबल बघून त्यांनी टेप खिशात घातला. बाबांनी वरून शिट्टी फुंकली. “लागली! माझ्या लेकीला लागली! मी म्हटलं नव्हतं?” मजल्यामजल्यावर दारं उघडली. आईने डोळे पुसले. टेबल वर येताना सगळ्या जिन्याने पाहिलं.

फर्निचरवाला दारापाशी थबकला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मोजपट्टीकडे. “काय ताई, जाईल का?”

मोजपट्टीने पिशवीत हात घातला. “थांबा, मोजून सांगते. मुठीसकट.”

“मोजतेस काय!” बाबांनी आतूनच छाती फुगवली. “कारखान्याची तपासनीस आता घरची दारं मोजणार? तिचं टेबल आहे, तिच्या घरात जाणारच! काका, लावा जोर!”

काकांनी जोर लावला. कच्चकन आवाज झाला.

टेबल चौकटीत घट्ट बसलं. मग टेबलापलीकडून बाबांचा बारीक आवाज आला, “अगं, आता आम्ही बाहेर कसं यायचं?”

मोजपट्टीने शांतपणे सँडल काढली.

“बाबा,” ती अभिमानाने म्हणाली, “हा प्रश्न मला येऊन गेलाय!”