सोनवणेकाकांचा भूकंप

आमच्याकडे पाहुणे आले की मला समोरच्या फ्लॅटमधल्या सोनवणेकाकांची धास्ती वाटते. काका आत येतात, सगळ्यांना नमस्कार करतात आणि सरळ कपाटाला खांदा लावून ते हलतंय का बघतात. माझ्या पुतणीला बघायला ओझरहून मंडळी आली होती, तेव्हाही हेच. पोह्यांची बशी हातात घेतलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कपाट भिंतीला बांधलंय का नाय? पोरगी द्यायची म्हणजे बघावं लागतं." स्थळ जमलं नाही. कारण पत्रिकेचं सांगितलं गेलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका मूळचे चांदवडकडचे. अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघून निवृत्त झाले, पण त्यांच्यातली सेफ्टी काही निवृत्त झाली नाही. पेठ-दिंडोरीकडे जमीन अधूनमधून गुरगुरते, त्याची बातमी पेपरात कुठेतरी कोपऱ्यात येते. आम्ही कांद्याचा भाव वाचतो, काका तो कोपरा वाचतात. "जमीन काय विचारून हलती का?" हे त्यांचं पालुपद. आमच्या बिल्डिंगला खाली नुसते खांब आणि पार्किंग. "वर एवढं वझं आन् खाली बगळ्याचे पाय!" असं म्हणत ते रोज खांबांना टिचक्या मारायचे. जिन्यातल्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग वाढली की काच तडकणार. ती तडकली तेव्हा त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. मीटिंग संपता संपता सिलिंडरवाल्यानं कबूल केलं की त्याचा सिलिंडर लागला होता.

महिन्यातून एका रविवारी, नेमकी आम्ही मिसळ खायला निघायच्या वेळेला, काकांची शिट्टी वाजायची. शिट्टी झाली की आधी टेबलाखाली, मग रांगेनं जिना. सुमनकाकूंचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना जिना उतरवत नाही. त्यांच्यासाठी दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची कायम ठेवलेली असायची. काकूंनी तीत बसायचं आणि काकांनी पुढून, खालच्या मजल्यावरच्या जाधवनं मागून उचलायचं. "आधी सुमन, मग दुनिया," काका ओरडायचे. काकू लाजून पदर तोंडाला लावायच्या. "अहो, पुरे की. लोक हसतात." लोक खरंच हसायचे, आणि त्यात मी पुढे असायची.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी जमीन खरोखर हलली. फार नाही. मांडणीवरची भांडी वाजली, पंखा झुलला, आणि मला टेबल वगैरे काही आठवलं नाही. चपला न घालता खाली पळाले. खाली काका आधीच पोचलेले. कमरेला टॉवेल, एका गालावर दाढीचा फेस. शिट्टी गळ्यात होती, पण वाजली नव्हती.

जाधवनं इकडेतिकडे बघत विचारलं, "काका, काकू कुठंयत?"

काकांनी वर पाहिलं. मग ते जिन्याकडे धावले, मागून जाधव आणि मी. दार सताड उघडं होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. शिकवलं होतं तशा, पदर खोचून, मांडीवर पर्स घेऊन, पुढून आणि मागून उचलणाऱ्यांची वाट बघत.

"आलात?" त्या एवढंच म्हणाल्या.

बिल्डिंगला ओरखडाही उठला नाही. ग्रुपवर मात्र दिवसभर ऊत आला होता. 'आधी काका, मग दुनिया' असं कुणीतरी टाकलं, आणि मी त्यावर हसून लोळणारे चेहरे पाठवले. मोडलेल्या स्थळाचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? त्यानंतर शिट्टी बंद झाली. खांबांना टिचक्या बंद झाल्या. काका दूध आणायलासुद्धा सगळे कामावर गेल्यावर, खालमानेनं उतरायला लागले.

परवा दुपारी वाटीभर खीर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या पलंगावर काका भिंतीकडे तोंड करून झोपलेले, शेजारी काकू उशीला टेकून बसलेल्या. काकूंच्या पदराचं टोक काकांच्या मनगटाला बांधलेलं होतं. सत्यनारायणाला जोडप्याची गाठ मारतात ना, तशी पक्की गाठ.

काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हापासून असंच चाललंय बघ. दिवसा पडले तरी बांधून घेतात. मी म्हटलं, अहो, पळालात तर पळालात. जीव आहे, पळणारच. मी धरलंय का मनात? पण ऐकत नाहीत. बांधल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणतात."

हातातली खिरीची वाटी मी खाली ठेवली. त्या सकाळी मी माझ्या दारातून निघाले होते आणि काकूंचं दार माझ्या समोर होतं, उघडं. मीही थांबले नव्हते. मला कुणी काही विचारलं नव्हतं, इतकंच.

"जरा पाणी देतेस का गं?" काकू म्हणाल्या. "मी उठले तर गाठ ओढली जाईल, जागे होतील."

मी पाणी आणून दिलं. देताना वाकले तेव्हा काकांचा चेहरा दिसला. ते जागेच होते. डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि कान लालबुंद झाले होते. काकूंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, मी काही बोलू नये म्हणून. मग मोकळ्या हातानं त्यांनी काकांच्या अंगावरची चादर नीट केली.