भिवा गव्याची गाठ आणि दोन सर्जन

मुलांनो, गोष्ट ऐकताना कोणी स्वतःचं पोट दाबून पाहायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.

एका जंगलात भिवा नावाचा गवा राहत होता. त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ झाली. गाठ कॅन्सरची होती. त्याची बायको गोदाक्का रडून रडून अर्धी झाली.

जंगलात सर्जन दोन. त्यातले अस्वलराव म्हणत, "आधी गाठ आजूबाजूपासून सोडवून मोकळी करायची, मग तिच्या रक्तवाहिन्या बांधायच्या. तीस वर्षं हेच करतोय."

दुसऱ्या सुगरणबाई. त्या म्हणत, "आधी रक्तवाहिन्या बांधा, मगच गाठीला हात लावा. नाहीतर दाबादाबीत गाठीतल्या पेशी सुटतील आणि रक्तातून थेट यकृतात जाऊन बसतील."

ऑपरेशनच्या दिवशी वाद ऐकायला जंगलातले सगळे विद्वान जमले. भिवाचं पोट उघडलेलं होतं. बधिर फक्त पोट केलं होतं, त्यामुळे बिचाऱ्याला सगळं ऐकू येत होतं.

"इतक्या घट्ट गाठीतून काय सुटणार?" अस्वलराव म्हणाले. "या, दाबून बघा!"

माकडाने दाबून पाहिलं. कोल्ह्याने दोनदा पाहिलं. मग रांग लागली आणि रांगेत ढकलाढकली झाली.

"अहो, असं दाबू नका!" सुगरणबाई ओरडल्या. "असं म्हणजे, हे बघा, असं." आणि त्यांनी नीट दाबून दाखवलं.

झाडामागून गोदाक्का किंचाळली, "अवो, आधी ती काढा की कुनीतरी!"

हा मुद्दा कोणाच्या लक्षातच आला नव्हता. मग अस्वलरावांनी गाठ मोकळी केली, सुगरणबाईंनी रक्तवाहिन्या बांधल्या आणि गाठ एकदाची बाहेर निघाली. त्यात आधी मोकळी केली की आधी बांधल्या, हे गडबडीत कोणी पाहिलंच नाही.

दोन वर्षं गेली. भिवा ठणठणीत राहिला. मला तर फार आनंद झाला. सर्जनांना मात्र चैन पडेना.

"इतके हात लागले तरी काही झालं नाही. म्हणजे माझंच बरोबर!"

"मी बांधलं म्हणून वाचला तो!"

शेवटी दोघं भिवाकडे आले. "भिवा, एकदाच पुन्हा उघडून बघू. शास्त्रासाठी. पाच मिनिटांचं काम."

भिवाने गोदाक्काकडे पाहिलं. नवराबायको जे पळत सुटले, ते नदीपलीकडच्या जंगलात जाऊनच थांबले.

अहवाल लिहिताना दोन्ही सर्जनांचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्यांनी लिहिलं, "रुग्णाचे सहकार्य मिळाले नाही."

तात्पर्य : बरे जरूर व्हावे, पण कोणामुळे बरे झालो, हे ठरेपर्यंत तिथे थांबू नये.