टिपणिसांची एकविसावी फेरी

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन शहरांचा क्रीडा-इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात दिनानाथ टिपणीस हे नाव ठळक अक्षरांत असेल, याविषयी एका जाणकार व्यक्तीची पक्की खात्री होती. ती व्यक्ती म्हणजे दिनानाथ टिपणीस.

वय चौपन्न. नोकरी अंबरनाथला, रंगाच्या कारखान्यात. घर बदलापूरला, कात्रपमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. एखादी गोष्ट सुरू करण्यात दिनानाथरावांचा हात धरणारा माणूस ठाणे जिल्ह्यात नव्हता. पेटी ते तिसऱ्या अलंकारापर्यंत शिकले होते, जर्मन भाषा सातच्या आकड्यापर्यंत. गच्चीतले टोमॅटो फुलापर्यंत आले आणि तिथेच राहिले. म्हणून दिवाळीनंतर एक दिवस ते खांद्यावर लालभडक सायकल घेऊन जिना चढले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, उमाताईंनी, फक्त एवढंच विचारलं, "ही कुठपर्यंत?"

"ही रेसिंगची आहे, उमा! ट्रॅकची! नाताळच्या सुट्टीत तीन शर्यती आहेत. तिन्ही शहरांत एकेक."

"हिला ब्रेक कुठेय?"

"नसतोच!" दिनानाथराव असे काही हसले, की जणू ब्रेक ही गोष्ट त्यांनीच जगातून हद्दपार केली होती.

खरं तर उल्हासनगरच्या ज्या दुकानातून त्यांनी सायकल आणली, तिथला म्हातारा सिंधी दुकानदार ब्रेक फुकट बसवून देत होता. "साईं, लगवा लो. उमर का भी कुछ लिहाज होता है." पण दिनानाथरावांनी यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिले होते. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार, आणि पाय तर पट्ट्यांनी पेडलला बांधलेले! थांबायचं असेल तर पायांनीच हळूहळू उलटा जोर द्यायचा. व्हिडिओतली पोरं हे लीलया करत होती. दिनानाथरावांच्या गुडघ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी कळवलं, की हे आमच्या कामात बसत नाही.

त्यावर त्यांनी तोडगा काढला. तोडग्याचं नाव उन्मेष. समोरच्या फ्लॅटमधला, बँकेत नोकरी, वजन पंच्याण्णव किलो. दिनानाथराव पार्किंगमधून येताना ओरडायचे, "उन्मेष, घे!" आणि उन्मेष त्यांना सायकलसकट छातीवर झेलायचा. महिन्याभरात त्याला याची इतकी सवय झाली, की बँकेत कुणी लगबगीने आत आलं तरी तो पाय फाकवून उभा राहायचा.

सायकल हॉलमध्ये खिडकीखाली राहू लागली. ती जागा उमाताईंची होती. म्हणजे होणार होती. शिरगावला त्यांच्या माहेरी आईचं शिलाई मशीन चादरीखाली पडून होतं, ते आणून त्या उजेडात ठेवायचं असं दहा वर्षं ठरत होतं. आधी तिथे पेटी आली. मग टोमॅटोच्या मातीची पोती. आता ही.

"हे बघा," उमाताई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलू लागल्या की दिनानाथराव उभे राहत. "एकतीस डिसेंबरपर्यंत एक शर्यत पूर्ण करा. जिंकू नका, पूर्ण करा. सायकल इथेच राहील, मी पुन्हा बोलणार नाही. नाही झाली, तर दोन तारखेला मशीन येईल."

"एक? तीन करतो!"

नाताळच्या दिवशी अंबरनाथला पहिली शर्यत झाली. आयोजक रामभाऊ हे निवृत्त पी.टी. शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचं मस्टर सांभाळलं होतं आणि निवृत्त होताना बहुधा तेच सोबत आणलं होतं. आधी हजेरी, मग शर्यत, मग रकान्यात सही. "सही म्हणजे शर्यत पूर्ण! सही नाही, तो आलाच नाही!" असा त्यांचा नियम. सगळे स्पर्धक दोन्ही पाय पट्ट्यांत बांधून, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभे राहिले, आणि रामभाऊंनी सावकाश हजेरी सुरू केली. आपलं नाव आल्यावर दिनानाथरावांनी शिस्तीत हात वर केला. "हजर!" हात वर गेला, खांदा सुटला, आणि ते उभ्याचे आडवे झाले. त्यांच्यावर शेजारचा, त्याच्यावर त्याच्या शेजारचा. शिट्टी वाजायच्या आत सहा माणसं पत्त्यांच्या बंगल्यासारखी निजली.

अठ्ठावीस तारखेला उल्हासनगरला ते निघाले मात्र झकास. पहिल्या वळणावर मैदान डावीकडे वळलं, दिनानाथराव वळले नाहीत. सरळ फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, फर्निचरच्या बाजारात, एका दुकानाच्या फरशीवरून थेट तीन सीटर सोफ्यावर! मालक गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "बैठो साईं, आराम से बैठो. कव्हर में तीन कलर आएगा."

राहिली एकतीसची, बदलापूरची. वीस फेऱ्या.

"उन्मेष," दिनानाथराव सकाळी म्हणाले, "आज आर या पार. विसावी फेरी संपली की तू रेषेपलीकडे उभा राहा. मी येतो, तू झेल, मी उतरतो, सही करतो. बस्स!"

"दिनूभाऊ, फिकर नॉट! आपण खंबीर उभे!"

त्याच मैदानावर त्याच दिवशी संध्याकाळी पाचला आगरी महोत्सव होता. शर्यतीला तीन ते पाच मैदान दिलं होतं, पण उद्घाटनाचे पाहुणे दोन्ही कार्यक्रमांना एकच, आणि ते साडेचारला आले. त्यांचं भाषण संपून शिट्टी वाजली, तेव्हा पाचला पाच कमी होते. आतल्या बाजूला स्टॉल लागले होते, चुली पेटल्या होत्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. त्याभोवती चुन्याच्या रेषेवरून सात सायकली सुटल्या.

आणि काय सांगावं! दिनानाथराव पडले नाहीत. पहिलं वळण वळले, दुसरंही. पाचवी फेरी झाली. दहावी झाली. बाकीचे सहाजण, त्यात सगळ्यांत पुढे प्रज्वल नावाचा मुरबाडचा पोरगा, त्यांना तीन-तीनदा मागे टाकून, शर्यत संपवून, सह्या करून उसाच्या रसाकडे गेले. दिनानाथराव फिरतच होते. रेषेजवळ खुर्चीत बसून उमाताई मोठ्याने मोजत होत्या. "सतरा! ... अठरा! ... एकोणीस!" त्या आवाजात सत्तावीस वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. दिनानाथरावांना भरून आलं.

"वीस!" उमाताई ओरडल्या.

"उन्मेष, घे!" दिनानाथराव ओरडले.

रेषेपलीकडे कुणीही नव्हतं.

उन्मेष होता. पण वीस पावलं आत, सुक्या बोंबलाच्या स्टॉलवर, ताटावर बसलेला. सोळाव्या फेरीला त्याला वास आला होता. हिशेबाने चार फेऱ्यांत एक ताट आरामात संपलं असतं, पण आगरी आग्रह हा हिशेबात धरायचा राहून गेला.

"उन्मेष!" एकविसाव्या फेरीला दिनानाथराव किंचाळले.

"भरल्या ताटावरून उठू नये, दिनूभाऊ!" उन्मेष कळवळून म्हणाला. "अन्नाचा अपमान होतो! दोन मिनिटं!" आणि दोन मिनिटांत त्याच्या पानात अजून एक भाकरी पडली.

वेग कमी करावा, तर सायकल कलणार, पाय बांधलेले, म्हणजे पुन्हा अंबरनाथ! ते फिरत राहिले. पाच वाजून गेल्यावर महोत्सवाची गर्दी आत येऊ लागली. त्या गर्दीला दिसलं ते एवढंच, की मैदानाभोवती घामाघूम झालेला एक मध्यमवयीन गृहस्थ एकटाच सायकल चालवतोय, थांबत नाहीये, आणि खुर्चीत बसलेल्या एक बाई मोजताहेत. "अठ्ठावीस. एकोणतीस."

महोत्सवाचा माइक अनंताकडे होता. अनंता जांभूळचा, घरची भातशेती, आवाज असा की त्याला माइकची गरज नव्हती, उलट माइकलाच त्याची. त्याने दिनानाथरावांच्या दोन फेऱ्या निरखल्या आणि त्याचा ऊर भरून आला.

"मंडली! बगा ह्या मानसाला! आमचे लहानपनी गावान अशी सायकल यायची! सात दिस, सात राती, मानूस खाली उतरला नाय! तिच्यावरच जेवला, तिच्यावरच आंगोल केली! आता कोन करतं असा? टाल्या वाजवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो थांबवा मला!" दिनानाथराव ओरडले.

"थांबवा म्हनतोय," कुणीतरी म्हणालं.

"ते वरडनारच!" अनंताने माइकवरून समजावलं. "जुने सायकलवाले बी असंच वरडायचे. दमला का मानसाला भरम व्हतो. ऐकायचा नाय! आपुन त्याला थांबवला, तर त्याचा पन मोडल. पाप कोनाला?"

पाप कुणालाच नको होतं. दोन धट्टीकट्टी माणसं स्वयंसेवक म्हणून पुढे आली, आणि दिनानाथरावांचा वेग जरा मंदावला की मागून "हेऽऽऽ!" करून ढकलू लागली. चौतिसाव्या फेरीला त्यांच्या गळ्यात हार पडला. छत्तिसाव्याला पाहुण्यांनी धावत धावत शाल पांघरली. सदतिसाव्याला श्रीफळ हातात दिलं. आता ते एका हाताने सायकल आणि एका हाताने नारळ चालवत होते. अनंताची आई काशीबाई भाकरीचा घास घेऊन धावली. "खा रं बाला! पोटान काय नसल, तं पाय कसं फिरतील?" त्यांनी खाल्ला. घास उत्तम होता, हे त्यांना त्याही अवस्थेत कळलं.

"मंडली!" अनंताने घोषणा केली, "रातचे बारापरयंत चालवनार! नवीन वरीस सायकलीवरच लागनार!"

चाळिसाव्या फेरीला शेजारून शिट्टी ऐकू आली. रामभाऊ! बगलेत मस्टर, हातात पेन, चालण्याच्या चालीने धावत.

"टिपणीस! सही राहिली तुमची!"

"सर, आधी मला उतरवा!"

"ते माझ्याकडे नाही! माझ्याकडे सही! करा लवकर, मला साडेसहाची रिक्षा आहे!"

दिनानाथरावांनी नारळ काखेत मारला, पेन घेतलं आणि हलत्या सायकलवरून, हलत्या मस्टरवर, हलत्या रामभाऊंच्या हातात सही केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेली होती. रामभाऊंनी मस्टर मिटलं, शिट्टी वाजवली आणि रिक्षेकडे गेले.

त्रेसष्टाव्या फेरीला उमाताई खुर्चीतून उठल्या. रेषेशी आल्या. ओरडल्या नाहीत, हात हलवला नाही. दिनानाथराव समोरून जाताना नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?"

दिनानाथरावांचे दोन्ही पाय जागच्या जागी थांबले.

व्हिडिओतल्या पोरांना जे जमत होतं, जे गुडघ्यांनी महिनाभर नाकारलं होतं, ते एका वाक्यात झालं. पाय थांबले म्हणून पेडल थांबलं, पेडल थांबलं म्हणून चाक थांबलं, आणि शाल, श्रीफळ, हार यांसह सत्कारमूर्ती सायकलसकट पुढे घसरत निघाले. नेमका तेव्हाच उन्मेष, चौथ्या ताटानंतर, हात धुऊन, ढेकर देत रेषेपलीकडे येऊन उभा राहिला होता. सवयीने त्याचे पाय फाकले. त्याने त्यांना छातीवर झेललं.

"बघा!" तो म्हणाला. "बोललो होतो ना, दोन मिनिटं!"

अनंताच्या डोळ्यांत पाणी होतं. "पन मोडला," तो माइकवर हळूच म्हणाला. "घरच्यांनीच मोडला."

"गॅस?" दिनानाथरावांनी घाबरून विचारलं.

"बंद आहे. मीच केला होता."

"मग आधी का नाही विचारलंस? त्रेचाळीस फेऱ्या!"

"म्हटलं, पहिल्यांदाच काहीतरी मध्येच सोडत नाही आहात," उमाताई त्यांच्या गळ्यातला हार सोडवत म्हणाल्या. "कशाला मोडता घाला. छान दिसत होतात." मग म्हणाल्या, "वीस झाल्या. मी मोजल्यात. सायकल राहू दे खिडकीखाली. फक्त निकालाचा कागद येऊ द्या, शिरगावला आईला दाखवीन."

त्या संध्याकाळी कात्रपचा जिना दिनानाथराव ऐटीत चढले. सायकल उन्मेषच्या खांद्यावर होती.

दोन तारखेला सकाळी रामभाऊंनी मस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. प्रज्वलच्या रकान्यात दोन सह्या होत्या. एक प्रज्वलची, आणि तिच्या अंगावर, डोंगरावरून घसरलेल्या माणसासारखी, दुसरी. टिपणिसांचा रकाना कोरा होता. त्यापुढे लाल शाईत सुवाच्य अक्षरांत शेरा होता. गैरहजर.

दिनानाथरावांनी लगेच फोन लावला. "सर, अहो, त्रेसष्ट फेऱ्या मारल्या मी! सत्कार झाला माझा! तुम्ही शेजारी धावत होतात!"

"टिपणीस," रामभाऊ म्हणाले, "मी धावत होतो, हे मला मान्य आहे. पण मस्टरमध्ये तुम्ही नाही."

उमाताईंनी फोटो मोठा करून दोनदा पाहिला. मग त्यांनी टेंपोवाल्याला फोन केला.

दुपारी शिरगावहून आईचं मशीन आलं. उन्मेषने ते वर चढवलं आणि खिडकीखाली ठेवलं. उमाताईंनी सत्काराची शाल मापाने कापून त्याला खोळ शिवली. टीप सरळ आली. सायकल उल्हासनगरच्या दुकानात परत गेली आहे. म्हाताऱ्याने तिला ब्रेक बसवला.

मशीन पायाने चालतं. पाय थांबले की थांबतं.