राजशेखरअण्णांची दाढ

आळंदच्या मोंढ्यात राजशेखरअण्णांच्या अडतीवर धान्याची ओल मोजायचं मशीन होतं, पण ते कपाटात बंद असायचं. तूर वाळली की नाही, हे अण्णांची उजवी दाढ सांगे. दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. या दाढेचा निकाल म्हणजे शेवटचा निकाल. हल्ली मात्र ऊन तापत असूनही सगळ्यांचीच तूर ओली निघत होती.

चंद्रभागाबाईंचीही निघाली.

"ओली हाय, अक्का. वाळवून आणा."

"कुठं वाळवू, अण्णा? अंगणात लेकीच्या लग्नाचा मांडव पडलाय. आन् तुमी कामून इतकं हळू चावायलाव? नीट चावा की!"

चारचौघांत दाढेचा अपमान! अण्णांनी दुसरा दाणा धरला आणि सगळा जोर लावला. कट्ट!

"ऐकलाव का? वाळलीय!" चंद्रभागाबाईंनी टाळी वाजवली.

"अय्योय्यो!" अण्णा गाल धरून खाली बसले. वाजली होती ती दाढ.

तुरीचा निकाल अजून लागायचाच होता. त्यामुळे चंद्रभागाबाईंनी अण्णांना आपल्याच टेम्पोत, त्याच पोत्यांवर बसवून डॉक्टर पंचशीलांच्या दातांच्या दवाखान्यात नेलं आणि खुर्चीशेजारी ठाण मांडलं.

"दाढ आतून किडलीय, अण्णा. दुखत नव्हती?"

"आठ दिस झाले... जपून चावायलो होतो."

"म्हंजे दाढ यांची दुखायली आन् तूर आमची ओली!" चंद्रभागाबाई कडाडल्या.

डॉक्टरांनी दाढ बधिर करून पोखरली. एका इवल्या मशीनच्या तारेचा आकडा अण्णांच्या ओठाला अडकवला आणि मुळाचं टोक कुठं आहे ते शोधायला त्यालाच जोडलेली केसासारखी सुई मुळात सोडली. मशीन लगेच किंचाळलं.

"घावलं का टोक?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"नाही हो. दाढ वरपर्यंत ओली आहे. इतक्या ओलीत मशीन फसतं. वाळवते आणि परत मोजते."

कागदाच्या बारीक काड्यांनी त्यांनी मूळ कोरडं केलं. सुई पुन्हा आत गेली. टिक... टिक... मग भराभर टिकटिक, मग सलग सूर. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

"इथं मूळ संपलं. आता केसभरही पुढं जायचं नाही."

चंद्रभागाबाईंनी तोंडात बोटच घातलं. हाडात गाडलेलं मूळ, डोळ्यांना दिसत नाही, आणि एवढ्याशा डबीनं त्याचं टोक हुडकलं! खरंच, कौतुक करावं तेवढं थोडं.

"काय गुणाचं यंत्र हाय गं बाय! आन् चुकलं म्हणून तुमी वाळवून परत मोजलाव. अण्णा, आता तुमी बी कपाटातलं मशीन काढणार ना?"

"ऑ," अण्णा म्हणाले. ओठात आकडा असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

"व्हय म्हणले! डॉक्टरीणबाई, तुमी साक्षीला."

टेम्पो अडतीवर परतला. अण्णांनी मुकाट्यानं कपाट उघडलं, मशीन पुसलं, मूठभर तूर त्यात टाकली. तूर वाळलेली निघाली.

"काता लावा," अण्णा वजनकाट्याकडं बोट करून बधिर जिभेनं हमालांना म्हणाले, "आन् आठ दिस परत धाडलेल्यांना बी बोलवा."

चंद्रभागाबाईंचा जीव भांड्यात पडला. मांडवाला आता धक्का नव्हता. मशीनवर त्यांचा पुरा भरवसा बसला होता, तरी सवयीनं त्यांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला.

कट्ट!

हमाल थांबले. अण्णांचा हात आपसूक गालावर गेला.

चंद्रभागाबाई निवांत चावत म्हणाल्या, "भिऊ नका. तूर हाय."