पारसिकच्या चढासाठी

उत्तम साळुंखेने मोटारसायकलचं इंजिन उघडलं तेव्हा विनिता घरात नव्हती. ती असती तर इंजिन सोडाच, पान्ह्यांची पिशवी उघडायचीही त्याची प्राज्ञा नव्हती. पण भावाच्या मुलीचा, निशाचा, रविवारी साखरपुडा होता, म्हणून ती शुक्रवारीच कोलशेतला माहेरी गेली होती. "रविवारी तुम्ही ट्रेनने या, ती गाडी काढू नका," असं जाताना बजावून गेली होती. उत्तमला नेमकं तेच वाक्य लागलं होतं.

आता शंभर सीसीच्या जुन्या गाडीत लागण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण ही गाडी लग्नाच्या वर्षी घेतलेली. साताऱ्याकडच्या साळुंख्यांच्या मुलाने कोलशेतच्या कोळ्यांची मुलगी केली म्हणून दोन्ही घरांत बरेच दिवस अबोला होता, आणि त्या दिवसांत या दोघांचं मनमोकळं बोलणं व्हायचं ते याच गाडीवर. ठाकुर्लीहून निघायचं, शिळफाट्यावरून पारसिकचा डोंगर चढून कळव्यात उतरायचं, की पुढे कोलशेत. विनिता मागे बसून अखंड बोलायची. तिचा उजवा हात उत्तमच्या खांद्यावर असायचा आणि गोष्ट रंगात आली की तो हात खांद्यावर थापट्या मारायचा.

गेल्या नारळी पौर्णिमेला घात झाला. पारसिकच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, मग नुसतीच गुरगुरायला लागली. "विनू, तू जरा उतरतेस का? मी वर जाऊन थांबतो," उत्तम म्हणाला. विनिता उतरली. नवी साडी सावरत, नारळांची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती चढ चालून आली, मागे बसली आणि कोलशेत येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. त्या दिवसापासून ती गाडीवर बसलीच नाही. कधी ऊन असायचं, कधी पाठ दुखायची, कधी नुसतंच "तुम्ही व्हा पुढे."

उत्तमने आपल्या बुद्धीप्रमाणे त्याचा अर्थ लावला. गाडीने भररस्त्यात तिच्या वजनाची तक्रार केली होती, आणि हे कुठल्या बाईला सहन होईल? दोष इंजिनाचा होता. पण तो भोगत उत्तम होता. कंपनीतून घरी येताना मागची रिकामी सीट त्याला पाठीला जाणवायची. खड्डा आला की अजूनही त्याच्या तोंडून सवयीने "सांभाळ" निघायचं, आणि शेजारचा रिक्षावाला चमकून बघायचा. मुलगा नोकरीला बंगळुरूला, घरात दोघंच, एकाच टीव्हीसमोर बसणारी. तरीही उत्तमला बायकोची आठवण यायची. खांद्यावरच्या त्या थापट्यांसाठी तो अक्षरशः झुरत होता.

म्हणून ती गेल्या गेल्या त्याने कामाला हात घातला. मोबाइलवर एक दाढीवाला पोरगा घरच्या घरी इंजिनाची ताकद कशी वाढवायची हे तासन्‌तास सांगत असे. त्याचे व्हिडिओ उत्तमला तोंडपाठ झाले होते. मदतीला तळमजल्यावरचे परशुराम होते. पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते कुठल्याही विषयाला ना म्हणत नसत.

"इंजिन म्हणजे काय रे, पंपच तो," ते म्हणाले. "आत हवा जास्त गेली पाहिजे आणि बाहेर धूर मोकळा पडला पाहिजे."

धूर मोकळा पडावा म्हणून सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकण्यात आली. सिलिंडर काढताना त्याच्याखालची कागदी गॅस्केट फाटली. दाढीवाल्याच्या मते जाड पुठ्ठा असला की गॅस्केट घरीही कापता येते. घरात सगळ्यात जाड पुठ्ठा निशाच्या साखरपुड्याच्या पत्रिकेचा होता. उत्तमने तो कापून बसवला आणि नट आवळले. मग त्याच्या लक्षात आलं की मुहूर्ताची वेळ आता इंजिनात आहे.

"पत्रिकेतली वेळ कोण पाळतं," परशुराम म्हणाले. "दुपारी पोचलास तरी पहिला असशील."

पुढचा प्रश्न चेनच्या चक्रांचा. दुकानदाराने नीट सांगितलं होतं की पुढचं चक्र लहान घेतलं किंवा मागचं मोठं घेतलं की चढावर ओढ वाढते, पण वेग कमी होतो, तेव्हा दोन्हींपैकी एकच करा. उत्तम दोन्ही घेऊन आला होता. कुठलं बसवायचं यावर त्याने परशुरामांचं मत विचारलं.

"दोन्ही बसव. औषध आणि पथ्य दोन्ही केलं की गुण लवकर येतो."

राहिला कार्ब्युरेटर. तो लिंबाच्या पाण्यात उकळला की लख्ख होतो असं दाढीवाला म्हणाला होता. घरातल्या पातेल्यांत तो मावेना. शेवटी उत्तमने माळ्यावरून विनिताचं मोदकपात्र काढलं. ते गॅसवर खदखदत असताना फोन वाजला.

"काय करताय?" विनिताने विचारलं.

"मोदकपात्र ठेवलंय गॅसवर," घाबरलेल्या उत्तमच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"तुम्ही? मोदक?"

"नाही म्हणजे... म्हटलं, बघावं करून."

"निशाला उकडीचे मोदक आवडतात, ते तुमच्या लक्षात होतं?" विनिताचा आवाज एकदम मऊ झाला. असा आवाज उत्तमने वर्षभरात ऐकला नव्हता. आणि मग तिने तोंड फिरवून घरातल्यांना सांगितलेलंही त्याला ऐकू आलं, "अगं वहिनी, आमचे हे स्वतः मोदक करून आणतायत."

उत्तम खरं सांगू शकला असता. पण त्या आवाजासाठी त्याने आणखी दहा थापा मारल्या असत्या. "किती माणसं आहेत?" एवढंच त्याने विचारलं.

रविवारी सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा इमारतीतल्या निम्म्या बायका गॅलरीत आल्या. परशुरामांनी हात उंचावून निरोप दिला. उत्तमने पहिला गिअर टाकला आणि गाडी अशी उसळली की तो सीटवरून मागे सरकला. पण चार हात जाईपर्यंत पहिला गिअर संपला. दुसरा कोपऱ्यावर संपला. तिसरा टाकला, चौथा टाकला, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडू लागलं आणि गाडी सायकलच्या वेगाने ठाकुर्लीबाहेर पडली.

शिळफाट्याच्या रस्त्यावर सगळ्यांनी त्याला मागे टाकलं. रिक्षांनी टाकलं, सिलिंडरच्या टेम्पोने टाकलं. एक सायकलवाले आजोबा बराच वेळ त्याच्या बरोबरीने चालले होते.

"नवीन घेतली?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही. जुनीच. इंजिन सुधारलंय."

आजोबांनी यावर थोडा विचार केला, "बरं" म्हणाले आणि पुढे निघून गेले.

पुढे एका हवालदाराने शिटी मारून अडवलं. "एवढा आवाज करून चाललायत कुठे?"

"साखरपुड्याला."

"कधी आहे?"

उत्तमने नकळत इंजिनाकडे पाहिलं. हवालदाराने आवाजाची पावती फाडली आणि वेगाबद्दल मात्र काही म्हणणं नसल्याचं सांगितलं.

मग पारसिकचा चढ आला. आणि इथे खरं ते सांगायला हवं की उत्तमची मेहनत वाया गेली नव्हती. सपाटीवर ज्या वेगाने गाडी चालली होती त्याच वेगाने ती चढाला लागली आणि जराही कुरकुर न करता वर निघाली. लोखंडाने भरलेले ट्रक मागे पडले. एका ट्रकच्या क्लीनरने तर खिडकीतून बाहेर वाकून बघितलं. उत्तमचं ऊर भरून आलं. "बघितलंस?" तो मान मागे वळवून म्हणाला. मागे कुणी नव्हतं. एवढा मोठा चढ सर केला आणि सांगायला माणूस नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

कळव्यात त्याने मोदक शोधले. गणपती कधीच होऊन गेले होते. तीन दुकानांनी नाही म्हटलं, चौथ्याने पेढे दिले. पेढ्यांचा डबा हँडलला अडकवून, हातांना काळं ग्रीस, शर्टावर ऑइलचे शिंतोडे अशा थाटात उत्तम कोलशेतच्या गल्लीत शिरला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या.

विनिताचा भाऊ नाथा दारातच कमरेवर हात ठेवून उभा होता. "दाजी, पाव तास झाला तुमचा आवाज ऐकतोय. आमाला वाटला, खारीत कोनाची होरी आली. इंजान होरीचा बसवलाव का काय?"

"उशीर झाला," होडीचा टोमणा गिळत उत्तम म्हणाला.

"पत्रिका भेटली नवती काय?"

"भेटली. बरोबरच आणलीये."

नाथाला काही कळलं नाही. तोवर आतून बायका बाहेर आल्या होत्या. वरमाईसुद्धा अजून थांबली होती, कारण मुलीचा आतोबा स्वतः मोदक करतो ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. सगळ्यांच्या नजरा डब्याकडे. विनिताने पुढे होऊन तो घेतला, झाकण किलकिलं करून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"पारसिकला खड्डा लागला ना?" ती उत्तमकडे न बघता मोठ्याने म्हणाली. "बघा, सगळे मोदक सांडले. मग बिचाऱ्यांनी येताना पेढे घेतले."

बायका हळहळल्या. वरमाईने पेढा तोंडात टाकत म्हटलं, आजकाल एवढं करतो कोण. उत्तम खाली मान घालून जेवायला बसला. ताट दोनदा गरम केलेलं होतं. घास गिळताना त्याला वाटलं की तिने चारचौघांत फटकारलं असतं तर सोपं गेलं असतं.

ऊन उतरल्यावर विनिता त्याला खाडीच्या कडेला घेऊन गेली. तिथे जाळी वाळत घातली होती.

"मोदकपात्रात काय होतं?"

"कार्ब्युरेटर."

विनिताने डोळे मिटून घेतले.

"लिंबू घालून उकळला," उत्तम घाईघाईने म्हणाला. "पात्र दोनदा घासलंय. अगं, पण गाडी काय चढते आता. तुला सांगतो, आता तुला कुठल्याच चढावर उतरावं लागणार नाही. तेवढ्यासाठीच केलं सगळं. वर्ष झालं, तू मागे बसली नाहीस. मला... मला करमत नाही गं."

विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय वाटलं, चढ चालावा लागला म्हणून मी रागावले?"

"मग?"

"अहो, माझी आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन इथून ठाण्याच्या बाजारात चालत जायची. मला चढाचं काय कौतुक सांगता? मी तुम्हाला गोष्ट सांगत होते त्या दिवशी. मावशीने घर सोडलं होतं ना, त्याची. कुणाला कधी सांगितली नव्हती. अर्ध्यात तुम्ही मला उतरवलंत आणि निघून गेलात. मी वर आले तर तुम्ही वाकून चेन बघत होतात. पुढे काय झालं ते विचारलंही नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

एवढं इंजिन खोललं, घासलं, पुन्हा जोडलं, पण ही जागा उत्तमने उघडून बघितलीच नव्हती.

"काय झालं पुढे?" त्याने विचारलं.

"आता आठवण झाली," विनिता म्हणाली आणि घराकडे वळली. पण पिशवी भरून ती परत आली ती गाडीजवळच. नाथाने रिक्षा बोलावू का विचारलं तर नको म्हणाली.

गाडी ओरडत निघाली. विनिताचा हात खांद्यावर आला तेव्हा उत्तमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते धुरावर ढकललं. ती मागून काहीतरी बोलत होती, पण जाळी काढलेल्या सायलेन्सरपुढे तिचा एक शब्द त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हता. कळवा मागे पडला, तसा पुन्हा चढ सुरू झाला. गाडी दोघांना घेऊन अशी निघाली की उत्तमची छाती फुगली. तेवढ्यात खांद्यावर जोरात थापटी बसली.

"थांबवा."

"का? चढतेय की."

"मला ऐकू येत नाही मी काय बोलते ते. बंद करा."

उत्तमने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. विनिता उतरली. तोही उतरला. मग एका हाताने हँडल आणि एका हाताने सीट धरून त्याने आपली सुधारलेली गाडी चढावर ढकलायला सुरुवात केली. विनिता शेजारून चालू लागली. एक स्कूटरवाले गृहस्थ वेग कमी करून जवळ आले.

"पेट्रोल संपलं का? मागून पाय लावून ढकलू? वरपर्यंत सोडतो."

"नको," उत्तम धापा टाकत म्हणाला. "गाडी चालू आहे."

गृहस्थांनी एकदा त्याच्याकडे, एकदा विनिताकडे पाहिलं आणि काही न विचारता ते पुढे गेले. विनिताने कॅरिअरला हात लावला. ती ढकलत होती की नुसतीच धरून चालली होती, हे उत्तमला कळलं नाही.

"तर मावशी पहाटे निघाली," ती म्हणाली.

"एकटीच?"

"तेच तर सांगते."

गोष्ट बरीच मोठी होती. आणि उत्तमला आयुष्यात पहिल्यांदाच पारसिकचा चढ तोकडा वाटला.